बाबांची नळी

नळीवर बाबांचं नाव होतं, पण आतलं रक्त बाबांचं नव्हतं.

तिने तपासणी पुन्हा केली. पुन्हा तेच. ओ पॉझिटिव्ह. आणि बाबांचा गट तर बी. पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात सराव म्हणून तिने घरच्या झाडून सगळ्यांच्या बोटांना सुया टोचल्या होत्या. सुई बघूनच बाबा पांढरे पडले होते, तरी पहिलं बोट त्यांनीच पुढे केलं होतं.

आज ते वरच्या मजल्यावर पडून होते. पोटातल्या अल्सरमधून रक्त जात होतं आणि रक्त चढवल्याशिवाय ऑपरेशनला हात लावणार नाही, असं सर्जनने सांगितलं होतं. आई गेल्यानंतर घरात तिला आपलं म्हणावं असं एवढं एकच माणूस उरलं होतं.

पलीकडच्या टेबलावर रक्तपेढीतले जुने तंत्रज्ञ दुसऱ्या कुणासाठी पिशवी जुळवत होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

"भाऊ, ही नळी बाबांची नाही."

"नाव?"

"नाव त्यांचंच आहे. रक्त नाही."

"मग नवी आण," भाऊ मान वर न करता म्हणाले. एका कानाला फोन होता आणि दारात दोन वॉर्डबॉय खोळंबले होते. "रक्त नाही जुळलं की सगळे माझ्याच नावाने खडे फोडतात."

ती जिने चढून वर निघाली. तिचा प्रबंध नेमका याच विषयावर होता. चुकीच्या नावाच्या नळ्या कशा तयार होतात, यावर ती परिसंवादांत तासभर बोलायची. आता तो विषय तिच्या घरात शिरला होता आणि तिला संताप आला होता, भीतीही वाटत होती.

सकाळी रक्त घेणारा शिकाऊ डॉक्टर वॉर्डाच्या दाराशीच सापडला.

"लेबलं कुठे लावतोस तू?"

"टेबलावर, ताई. सगळ्यांचं रक्त घेतो आणि मग एकदमच चिकटवतो. खाटेखाटेपाशी थांबलो तर राउंडला बोलणी बसतात."

"आणि माणूस दगावला तर कोण बोलणी खाणार? खाटेपाशीच लावायचं, नाव विचारून! कितीदा सांगायचं तुम्हाला?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. ती थांबली नाही. चांगलं फैलावर घेऊन मगच तिने त्याला सोडलं.

बाबांचा दंड तिने स्वतः बांधला.

"पुन्हा? सकाळी टोचलं की," बाबा पुटपुटले.

"तिकडे बघा, बाबा. पूर्ण नाव सांगा."

"माझं नाव माहीत नाही का तुला?"

"सांगा तरी."

शेजारच्या खाटेवरचा शिंपी हसला. जिन्यावरून पडून त्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं आणि त्याचंही ऑपरेशन ठरलं होतं. "सुईला काय घाबरता, साहेब? मी जन्मभर सुईवरच पोट भरलंय."

बाबांनाही हसू आलं. तिने खाटेपाशी उभं राहूनच लेबल लावलं आणि खाली सही केली.

आत्या पायथ्याशी बसली होती. काय घडलं ते कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्हणजे भलतंच रक्त चढलं असतं?"

"बाबांना काही झालं नसतं, आत्या. ओ कुणालाही चालतो. ओ गटाच्या माणसाला मात्र ओच लागतो. त्याला दुसरं काही चढवलं तर जिवावर बेततं."

आत्याला यातलं काही ऐकायचंच नव्हतं. "पोरीने बापाला मरणाच्या दारातून ओढून आणलं हो!" तिने शिंप्याच्या बायकोला सांगितलं. शिंप्याच्या बायकोने बाबांच्या लेकीकडे कौतुकाने पाहिलं. लेकीने मग आणखी समजावलं नाही. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटत होतं.

खाली नव्या नळीतलं रक्त बी निघालं. तिने खुर्चीत बसून आधी डोळे पुसले आणि मग पिशवी जुळवायला घेतली.

पिशवी तयार झाली तेव्हा भाऊंचं टेबल रिकामं होतं. "तुझ्या बाबांच्याच वॉर्डची एक मघाशी वर गेली," ते म्हणाले. "तुझी आधी झाली असती तर दोन्ही एकदम पाठवल्या असत्या. बाप बरा होईल गं. आता जरा हस."

वर सिस्टरनी पिशवीवरचं नाव बाबांच्या मनगटावरच्या पट्टीशी दोनदा ताडून पाहिलं आणि रक्त चालू केलं. ती थेंबांकडे बघत उभी राहिली. बाबांनी तिचा हात धरून ठेवला होता. तोंडी परीक्षेत हाच प्रसंग सांगायचा, असं तिने ठरवलं. परीक्षकांनासुद्धा मानावं लागेल.

शेजारीही पिशवी लागली होती. तिच्यावरही बी लिहिलेलं होतं.

"पोरी," शिंप्याने हाक मारली. "फ्रीजमधून काढून तसंच लावलं की काय हे? दात वाजायला लागलेत." त्याने हसायचा प्रयत्न केला, पण एक हात कमरेखाली दाबून धरला होता. चेहरा घामाने डबडबला होता.

"थोडी थंडी वाजते कधीकधी. सिस्टरना सांगते, वेग कमी करतील."

त्याच्या बायकोने दुसरं पांघरूण त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं.

"यांना रक्त घ्यायची सवयच नाही बघ," ती अभिमानाने म्हणाली. "आजवर नुसतं देतच आले. ओ गट ना यांचा, प्रत्येक शिबिराचं पहिलं बोलावणं आमच्याच घरी येतं."