कोलुंगाची ओळ

"सगळ्या फायलींचा एकच नमुना हवा म्हणतेस? आहे की आपल्याकडे," ऑफिसचा साहेब ओंबेवा म्हणाला. "त्याचं नाव अवुर."

ऑफिस खो खो हसलं. अवुर हसली नाही. तिला आठवा महिना चालू होता आणि सकाळपासून पाठ धरली होती.

किसुमू शहरातल्या या ऑफिसातून सरोवरकाठच्या एकशे बारा कोळीवाड्यांना वादळाचा इशारा जातो. त्यासाठी पाच पुरुषांनी लिहिलेले पाच प्रोग्राम आहेत. कुठलं गाव, कुणाचा नंबर, किती वाऱ्याला इशारा द्यायचा, हे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या सेटिंगच्या फाइलीतून वाचणार. आणि प्रत्येक फाइलीची तऱ्हा निराळी. एकीत बरोबरच्या खुणा, दुसरीत महिरपी कंस, तिसरीत नुसत्या मोकळ्या जागा मोजत बसायचं. नवं गाव आलं की ते पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी लिहायचं. एके ठिकाणी चुकलं तर त्या गावाला इशारा नाही. चार वर्षं हे एकटी अवुर करत होती. बाकीच्यांना आपली फाइल म्हणजे आपलं नाक, आणि दुसऱ्याची उघडणं म्हणजे कमीपणा.

"नऊ दिवसांनी मी बाळंतपणाला जाणार. मग कोण करणार?"

"फोन आहे ना," मागाक म्हणाला. तो सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत आगाऊ. "दवाखान्यात रेंज चांगली येते."

पुन्हा हशा.

"पोरांनो, हसून झालं का?" दारातून आवाज आला. कोलुंगा गावच्या कोळ्यांचे म्होरके ओल्वांडे दुपारपासून तिथे उभे होते; सगळे त्यांना जादुओंग, म्हणजे आजोबा, म्हणत. कोलुंगाचं नाव आजवर यादीतच नव्हतं. "साडेपाचला आमच्या होड्या सुटतात. चाळीस होड्या. दिवे लावून ओमेना मासळी धरायला जातात, त्या पहाटे परत येतात. आणि दक्षिणेला आभाळ काळं झालंय."

पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"अवुर, घाल गं कोलुंगा," ओंबेवा म्हणाला.

"तुम्ही घाला. आज मी कीबोर्डला हात लावणार नाही."

तिने आपल्या चालू स्क्रीनसमोरची खुर्ची जादुओंगना दिली आणि त्यांच्यामागे भिंतीला टेकून उभी राहिली. सगळ्यांना ते नाटक वाटलं. मग ती पुढे येईना, तशी आपल्या फाइलीत आपल्याच हातून चूक नको म्हणून लाजेकाजेस्तव एकेकाने दुसऱ्याची फाइल उघडली.

"अरे गाढवा, माझ्या फाइलीत स्वल्पविराम चालत नाही!"

"मग तुमच्या फाइलीत चालतं तरी काय, साहेब?"

"आधी तुझं बघ. इथे कंस कुठे संपतो?"

"कंस नाहीतच. जागा मोजायच्या. चार सोडा. चार म्हटलं, तीन नाही!"

"मोकळी जागा काय मोजायची गोष्ट आहे?"

सव्वापाचला मागाकच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "साहेब, तुम्ही फाइल मोडलीत. आता कोलुंगाच काय, एकाही गावाला इशारा जायचा नाही."

ओंबेवाने कपाळ पुसलं. त्याने आणखी काहीतरी दाबलं, स्क्रीनवर आणखी लाल ओळी आल्या. "अवुर, माझे आई, मस्करी पुरे. ये इकडे."

ती भिंतीपासून हलली नाही.

"माणसं मरतील गं!"

"हे तुम्हाला आज कळलं?"

तेवढ्यात जादुओंगचा फोन वाजला. त्यांनी तो हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, "कोलुंगा. वारा वाढतोय. होड्या पाण्यात घालू नका." दुसऱ्या क्षणी ते किनाऱ्यावर फोन लावून ओरडत होते, "दोर बांधा! पुढे कोण गेलंय? परत बोलवा त्याला! सांग, जादुओंगने सांगितलंय!"

होड्या थांबल्या.

ओंबेवा मोडलेल्या फाइलीकडे बघत राहिला. "हा इशारा गेला कुठून?"

"सोमवारपासून पाचही प्रोग्राम एकच फाइल वाचतात," अवुर म्हणाली. "तुमच्या पाच नुसत्या पडून आहेत. मोडा, जोडा, काही फरक पडत नाही. तीनदा परवानगी मागितली मी. चौथ्यांदा नाही मागितली."

"म्हणजे शेवटी तूच घातलंस ना कोलुंगा?" त्याला तेवढाच आधार उरला होता. "हात लावणार नाही म्हणालीस, आणि—"

"नाही लावला."

"मी घातलं," खुर्चीतून जादुओंग म्हणाले. "या स्क्रीनवर फाइल उघडीच होती. वरच्या गावाची ओळ बघितली, तिच्याखाली तशीच आपली लिहिली."