फियाटचा डॅशबोर्ड

आमच्या सूनबाईला विचारून काही करायची सवयच नाही. सांडगे परतायला गच्चीवर गेले, तर माझ्या बाजेवर फियाटचा डॅशबोर्ड काढून ठेवलेला. हे गेल्यापासून त्या गाडीला मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

“शलाका, माझ्या माणसाची गाडी सोलून ठेवलीस?”

“आत्याबाई, उन्हानं वरची गादी तडकली होती. भेगा भरल्यात, वाळल्या की नवं रेक्झिन चढवते. तशीच ठेवली तर सगळीचा भुगा होईल.”

“आणि त्यावरचा गणपती?”

“देवघरात आहे. आधी अक्षता वाहिल्या, मगच हलवला.”

आता यावर काय भांडणार? म्हटलं, बिघडू दे तर खरं, मग बघते तुझ्याकडे.

मीटरच्या उंचवट्यावर रेक्झिन नीट बसेना, तेव्हा तिनं तिथं जोड घेतला आणि माझ्या मशीनवर शिवला. ते जुनं मशीन सरळ शिवण कुणाला देत नाही. मलासुद्धा चार शिव्या खाल्ल्यावर देतं.

सगळं गाडीत बसवून झालं, तशी मी ह्यांच्या जागेवर जाऊन बसले. भेगा होत्या तिथं बोट फिरवलं, कुठं खरखर लागली नाही. मग शिवणीवरून फिरवलं. शलाका दाराशी ओढणीला हात पुसत उभी होती. तोंडावर कौतुक करायची आमच्या घरात रीत नाही, पण रीत मीच घातलेली.

“शिवण सरळ आलीय गं,” मी म्हटलं. “तुझ्या सासऱ्यांना ही गाडी कधी इतकी सरळ चालवता आली नाही.”