गरम खोलीचं गणित

"त्रेचाळीस हो गया!" बदरुद्दीनसाहेब ओरडले. मॅनेजरच ते, ओरडणारच! पंचेचाळीस डिग्रीला कॉम्प्युटर आपोआप बंद पडणार होता आणि तेलसाठ्याची नऊ दिवसांची आकडेमोड पाण्यात जाणार होती.

एसी मेकॅनिक समाधान शिडीवर घामाने निथळत होता. अठ्ठ्याण्णव सालच्या ऑगस्टची दुपार, खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर जळून खलास. नवा दुबईहून निघालेला, पण अबुधाबी गाठायला त्याला दोन तास लागणार.

"मशीन बंद हुआ तो तेरा व्हिसा कॅन्सल," साहेबांनी बजावलं. दोन महिन्यांपूर्वी तर आला होता बिचारा. गावी बायकोला, कावेरीला, काय तोंड दाखवायचं?

खुर्चीत पेत्रेंको बसले होते. आकडेमोड त्यांचीच. कीवचे नावाजलेले गणिती. सोव्हिएत युनियन मोडलं, पगार थकले, म्हणून सत्तरीला टेकलेला हा माणूस इथे आला. तरुणपणी भिलाईच्या रशियन मदतीच्या पोलाद कारखान्यात चार वर्षं काढल्यामुळे मोडकंतोडकं हिंदी यायचं.

"छत निकालो," ते म्हणाले.

"पागल हो क्या? सीलिंग को हाथ नहीं लगाना!" साहेब कडाडले.

म्हातारा ढिम्म. "कीव के पास, इक्यावन साल. हमारा पहला कॉम्प्युटर. छह हजार व्हॉल्व, बल्ब जैसे, बहुत गरमी. छत निकाला, तब चला."

अरेच्चा, खरंच की! समाधानला एकदम उमगलं. या सीलिंगच्या वरच्या पोकळीतूनच तर अख्ख्या इमारतीचा एसी गरम हवा ओढून घेतो. त्याने साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. एकामागून एक आठ तक्ते खाली उतरवले आणि दार सताड उघडलं. कॉरिडॉरमधली गार हवा आत घुसली.

चव्वेचाळीस. साहेबांनी डोळे मिटले.

मग त्रेचाळीस. एकेचाळीस. अडतीस.

"अल्हम्दुलिल्लाह!" साहेब मटकन खाली बसले. समाधानला हसावं की रडावं कळेना. सुटलो रे बाबा! तो शिडीवरून उतरला आणि त्याने सरळ म्हाताऱ्याचे पाय धरले.

"सर, आप उधर बहुत बडे इंजिनिअर होंगे."

पेत्रेंकोंनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"तब? नहीं. तब मैं बढई था, लकडी का काम करता था. वो छत मैंने निकाला. गणित बाद में सीखा."