मधल्या फळीतला शहेबाज

"कुणाचा इश्वास बसायचा न्हाई, पण ऐक!" डॉक्टरांना भेटून आलेल्या पाशाचाचानं खाटेवरच्या लेकाला सांगायला सुरुवात केली. थापा मारण्यात या केळीवाल्याचा हात धरणारा परळीत कुणी नव्हता. लेक मात्र खरोखरच गोव्याच्या फुटबॉल क्लबातून भारताच्या संघात पोचलेला मिडफिल्डर. सुट्टीवर आला आणि वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकखाली सापडला.

"क्लबानं तुझी जागा तशीच ठेवलीय. आन भारताचा कोच तर फोनवर रडलाच! म्हणला, पाशाभाई, तुमच्या शहेबाजबिगर मधी बॉल खेळवायचा कुणी?"

चादरीखालचा शहेबाज गालात हसला. चाचाला आणखी चेव आला.

"पुढच्या महिन्यात मैदानात उतरतूस बघ..."



"अब्बा, मघापासून तुमी एकच पाय कावून दाबताय?"