न विचारता घेतलेला वाटा

गेल्या वर्षी वेळशी शहरात एकही चोरी झाली नाही, कारण पुढे चोरी करील असं यंत्राला ज्याच्याबद्दल वाटे, त्याला आधीच शहराबाहेर नेऊन ठेवत. राहायला सर्वांत चांगलं किनारी शहर, अशी मोठी पाटी बंदरावर लागली होती. चांगुणा तांडेलच्या मुलाला, जितेनला नेलं, त्यानंतर एक पावसाळा उलटून गेला होता. आज त्याची फेरतपासणी होती आणि त्याच्या वतीने चांगुणा यंत्राच्या पडद्यासमोर बसली होती.

पडद्यावर बंदरावरचं जुनं चित्रण चाललं होतं. होड्या लागत होत्या आणि जितेन प्रत्येक टोपलीतून एकेक मासा उचलत होता.

"हे त्याने मालकांना विचारून घेतलं का?" यंत्राने विचारलं.

चांगुणाला हसू आलं. "विधवेचा वाटा तो. माझा नवरा दर्यात बुडाला तेव्हापासून प्रत्येक होडीत आहे. विचारलं तर भीक होते, बाबा. माझ्या पोराने जन्मात कुणाला विचारलं नाही."

हे तिने मान ताठ करून सांगितलं. पडदा विझला.

शेजारी बसलेला कारकून मयेकर गावचाच होता. त्याने कपाळाला हात लावला. "काकी, विचारलं म्हणायचंत. एवढंच हवं होतं यंत्राला."

"खोटं सांगू?"

"आता जितेन परत येत नाही. कायमचं झालं."

चांगुणा काळ्या पडद्याकडून मयेकरकडे वळली.

"थंडी पडायला लागली," ती म्हणाली. "त्याची गोधडी कुठं पाठवू?"