फोल्डरची परवानगी

बाई निवृत्त झाल्यापासून अंध मुलांच्या वसतिगृहासाठी धडे वाचून रेकॉर्ड करायच्या. अकरा वर्षं बंद खोलीत, भिंतीकडे तोंड करून. कॉम्प्युटरची सिस्टीम नवी केली आणि धडे वसतिगृहाच्या ऑनलाइन ड्राइव्हवर सेव्हच होईनात. परीक्षा तर तोंडावर आलेली.

दुरुस्तीवाली मुलगी आली. "हा जुनाच पासवर्ड धरून बसलाय," म्हणत तिने तो पुसला, ड्राइव्ह नव्याने जोडला आणि फोल्डरची परवानगी सगळ्यांनाच खुली केली. "काकू, काहीतरी बोला. सेव्ह होतंय का बघू."

बाई माइकजवळ सरकल्या. "ऐकतंय का कुणी?" एवढंच त्या बोलल्या. फाईल मुकाट सेव्ह झाली. मग घसा बसेपर्यंत त्यांनी उरलेले धडे वाचून काढले.

दुसऱ्या दिवशी ती चाचणीची फाईल पुसायला गेल्या, तर शेजारी एक अनोळखी फाईल. पुन्हा काही बिघडलं की काय, म्हणून त्यांनी धास्तावतच ती लावली. आधी नुसती खुसुरफुसुर, मग एका मुलीचा आवाज.

"बाई, आम्ही रोज ऐकतो. आजवर या फोल्डरमध्ये आम्हाला काही ठेवताच येत नव्हतं."