नव्वदावा दिवस

हिंदुरावांना आज तोंड उघडण्याचंही त्राण नव्हतं. शालननं बोटानं त्यांचा ओठ उचलून धरला आणि दोन मिनिटं मन लावून दात घासले. हिरड्यांतले जंतू हृदयात जातात, म्हणून सलग नव्वद दिवस तोंड स्वच्छ असल्याचं ब्रशनं दवाखान्याला कळवल्याशिवाय हृदयाची नवी झडप कुणालाच मिळत नसे. आज नव्वदावा दिवस होता.

ब्रश लाल होऊन बोलला, "तंबाखूची मिश्री आढळली. मोजणी पुन्हा सुरू. आज पहिला दिवस."

डॉक्टरांनी तर आता जगायला महिनाभराचीच मुदत दिली होती.

"अवो, आजच कशी लावली मिश्री?" शालन रडकुंडीला आली. "तुमची डबी मी उकिरड्यावर फेकली होती की!"

"तुझी आण, हातसुदिक लावला न्हाई," ते धापा टाकत म्हणाले.

तिनं ब्रशपुढं हात जोडले. "एवढ्या बारीला सोड रे बाबा!"

जोडलेल्या हातांकडं नजर गेली आणि ती गारठली. उजव्या हाताचं बोट काळं होतं. त्यांना मोह नको म्हणून रोज चुलीमागं लपून ती स्वतः मिश्री लावायची. आजही लावली होती. त्याच बोटानं.

"रडू नगंस," हिंदुराव म्हणाले. "माझंच कायतरी चुकलं आसंल."

शालननं बोट पदरात लपवलं.